तुम्ही विचारलंत म्हणून: आईला का नेत नाही?

लग्नात, बारशाला, परवा तर दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते तिथेही. माझ्या इटलीच्या बेताचा सुगावा लागला की माणसं दुसरं काही विचारतच नाहीत. "मग आईला नाही का नेत?" तिथल्या युद्धस्मारकावर नाव तिच्या बापाचं कोरलंय आणि निघाली कोण, तर नात! सूर असा की म्हातारीच्या ताटातलं मी उचलून खातेय.

एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या बारशाला नुसतं वाचायला देता येईल.

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये बसऱ्याच्या बोटीवर चढले तेव्हा आई पोटात होती. त्यांची आठवी इंडियन डिव्हिजन इराक, इराण करत सप्टेंबर 1943 मध्ये इटलीत तारांतोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रो नदीवर पोचली. पाऊस, चिखल, नदीला पूर, बांधलेले पूल वाहून जाताहेत. आजोबा तिथेच गेले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी तार आली, बाकी काही आलं नाही.

ज्यांना यातलं थोडंफार माहीत असतं त्यांचे सल्ले आणखी वेगळे. "यशवंत घाडग्यांचं स्मारक केलंय की तिकडं, तिथंच जाऊन ये." घाडगे तिसऱ्या बटालियनचे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले. ते 10 जुलै 1944 ला पडले, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ 2023 मध्ये मोंतोने गावात बसवलंय आणि त्यांचं नाव कोरलंय कसिनोच्या स्मारकावर. आमचे आजोबा या दोन्ही ठिकाणी नाहीत. ते आहेत सांग्रो रिव्हर वॉर सेमेटरीत, तोरिनो दि सांग्रो गावाजवळ. हे तोरिनो म्हणजे मोटारींच्या कारखान्याचं तोरिनो नव्हे. ते पार उत्तरेला, हे एड्रियाटिक समुद्राच्या कडेला. माझ्या भाच्याने उत्साहाने हॉटेल शोधून दिलं, ते त्या उत्तरेतल्या तोरिनोत.

आणि "आहेत" तरी कुठे? या सेमेटरीत 2,617 कबरी आहेत, त्यातली एकही आजोबांची नाही. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, त्यांच्यासाठी आवारातच वेगळं स्मारक आहे. अशी क्रीमेशन मेमोरियल इटलीत तीन. दुसरी दोन फोर्ली आणि रिमिनीला. सांग्रोच्या स्मारकावर पाचशेच्या वर नावं आहेत. त्यात एक ओळ आमची.

आता बेत. टूरला रोममध्ये एक दिवस मोकळा आहे. तिबुर्तिनाच्या स्टँडवरून पेस्काराची बस, डोंगर ओलांडून अडीच-तीन तास. तिथून समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे जाणारी पॅसेंजर, मग लहानशा स्टेशनवर उतरून टॅक्सी, तीही आधी सांगून ठेवलेली असली तर. तसंच उलटं यायचं, आणि रात्री ग्रुपबरोबर जेवायला हजर. मोकळा दिवस नेमका रविवार. तिकडच्या टाइमटेबलवर गाडीपुढे 'फेरियाले' लिहिलेलं असलं की ती रविवारी नाही, आणि मला सोयीची प्रत्येक गाडी फेरियाले निघते. रोमपासून ड्रायव्हरसकट गाडी करायची तर त्या पैशांत इथे एक साखरपुडा होईल. हे सगळं 84 वर्षांच्या बाईला घेऊन करा, असं तुम्ही सुचवताय. तिचे गुडघे, तिला लागणारं बाथरूम, तिच्या वयाला मिळणारा विमा, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुन्हा एक चक्कर. जिचे ठसे आधार केंद्रावर उमटेनात तिचे ठसे!

हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मान डोलावतात. खोटं यात काही नाही. पण कारण हे नाही.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे गावी होतो. जेवणं झाल्यावर मी आईच्या कॉटवर बसले आणि मोबाइलवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या रजिस्टरमधली आजोबांची नोंद उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बापाचं काहीतरी दाखवता येतंय म्हणून मी अगदी फुलून गेले होते. फोटो आमच्याकडे एकही नाही. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत गेले. नाव, हुद्दा, नंबर, वारल्याची तारीख. मग अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, सातारा. आजीचं नाव इंग्रजीत जरा वाकडंतिकडं होतं, पण होतं. वहिनी डोळे पुसायला लागली. आईने चष्मा लावून मोबाइल हातात घेतला, अक्षरं कळत नसताना बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझं नाव कुठं हाय?"

मी म्हटलं, "आई, मुलांची नावं नसतात गं यात. आईबाप आणि बायको, एवढंच."

"म्हंजे त्यांस्नी पोरगी हाय ह्ये तिथं ठावंच न्हाई."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

यावर मला काही सुचलं नाही. भावाने मध्ये पडून म्हटलं, आपण तिथे जाऊ या, तुला घेऊनच जाऊ. तेव्हा ती जे बोलली ते ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्यांच्यासाठी जसंच्या तसं देते. "त्ये आलं न्हाईत मला बघाया. मी कशाला जाऊ?" मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि करंजीचा डबा झाकला का म्हणून वहिनीला विचारलं.

आजीने तिला माहेरी, भावाच्या घरात वाढवलं. कन्यादान मामाने केलं. पेन्शन चालू राहावी म्हणून आजी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला एसटीने साताऱ्याला जायची, आणि आई तिचं बोट धरून सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहायची. वडील म्हणजे त्या पायऱ्या, एवढंच तिला माहीत. त्या माणसासाठी तिने रडावं असं आम्हाला का वाटत होतं?

याआधीची मी असते तर ऐकलं नसतं. तिला कळत नाही, तिथे उभी राहिली की मोकळी होईल, नेऊन तर बघू, असं म्हणाले असते. म्हणतच होते! धाकट्या मामेभावाला मी सुनावलंही होतं की म्हातारी जिवंत आहे तोवर तुम्ही काहीतरी करा. ती मी आजच्या मला विचारते: आईने नकार दिला तेव्हा तुला बरं वाटलं की नाही? खरं सांग. वाटलं. व्हीलचेअर नको, विमा नको, बसमधलं बाथरूम नको. तिचा नकार मला सोयीचा आहे आणि तरी तो तिचाच आहे. या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या काढता आलेल्या नाहीत. तुम्हाला येत असतील तर काढा.

आणि "तिची शेवटची इच्छा" हे शब्द कृपा करून वापरू नका. तिची इच्छा गुडघे दुखायचे थांबावेत ही आहे. इच्छा माझी आहे. का आहे, ते मला नीट सांगता येत नाही. जिथे राखही नाही तिथे दीडेक तास उभं राहायला मी दिवसभराचा प्रवास करणार आहे. भावाला तिथली माती हवी आहे. मामेभाऊ म्हणतो पिंडदान कर. मी म्हटलं, शेजारी अडीच हजार दुसऱ्यांच्या कबरी, तिथे मी भाताचे पिंड मांडत बसू? तर म्हणे नदीवर कर, नदी आहेच की. मातीचं आईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "आणू नकोस. घरात ठिवायची कुठं?"

एवढं झाल्यावरही भावाने गुपचूप तिच्या पासपोर्टचा अर्ज भरला. चौकशीला हवालदार घरी आला, कुठे जायचंय आजी म्हणाला, तर तिने त्याला चहा दिला आणि सांगितलं, कुटंबी न्हाई. त्याने काय शेरा मारला देव जाणे. पासपोर्ट अजून आलेला नाही. आला तर भाऊ पुन्हा विषय काढणार, आणि ती काय म्हणेल ते मी आज सांगू शकत नाही. कारण मागच्या आठवड्यात तिने मध्येच विचारलं, तिकडं त्या दिसांत थंडी असती का गं? माझ्यासाठी विचारलं की स्वतःसाठी, मी खोदून विचारलं नाही.

तेव्हा यापुढे मला विचारू नका. तिलाच विचारा. दुपारी जेवून झोपते, चारनंतर फोन केलात तर उचलते.