तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला स्वेटर कोणाचा विणावा?

मी विणते हे कळले की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कोणाच्याही घरी दोन प्रश्न ठरलेले असतात. गोव्यात थंडी आहेच कुठे, हा पहिला. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा 20 अंशांच्या फारसा खाली उतरत नाही हे खरे. पण वाळपईकडच्या धुक्यातून सकाळी स्कूटरवर निघणाऱ्याला किंवा कोकणकन्येच्या एसी डब्यात रात्र काढणाऱ्याला हे सांगून पाहावे. दुसरा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे: "सुलट-उलट टाके जमतात, आता पहिला स्वेटर विणायचा आहे, बाळाचाच घेऊ ना?"

माझे उत्तर असे की बाळाचा घेऊ नका. स्वतःसाठी बिनबाह्यांचा, म्हणजे आपण ज्याला हाफ स्वेटर म्हणतो तो, विणा.

बाळंतविड्यात टोपडे, मोजे आणि स्वेटर देण्याची आपली रीत मला प्रिय आहे, आणि लहान वस्तू लवकर संपते हा युक्तिवादही खोटा नाही. मात्र बाळाची लोकर बारीक, तिच्यासाठी 11 किंवा 12 नंबरच्या बारीक सुया, आणि शिकाऊ हाताला बारीक सुईवरचा टाका दिसतही नाही, मग सुटलेला टाका उचलणे दूरच. त्यातून नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 35 सेंटिमीटर, म्हणजे छातीपेक्षा थोडा जास्तच असतो. त्यामुळे गळा किंवा खांद्यावरची बटणपट्टी हे सर्वांत अवघड काम सर्वांत लहान जागेत करावे लागते. जाळीची वीण घेतली तर त्यात बाळाची बोटे अडकतात. आणि एवढे करून तो अंगाला बसला की नाही, हे सांगणारे कोणी नसते.

स्वतःच्या अंगावर मात्र माप लपत नाही, आणि स्वेटरचे सारे शास्त्र मापात आहे. पुस्तकात 10 सेंटिमीटरला 22 टाके दिले असतील, तर ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताचे माप असते. छाती 90 सेंटिमीटर असेल आणि सैलपणासाठी 10 सेंटिमीटर धरले, तर पाठीचा पल्ला, म्हणजे स्वेटरचा मागचा अर्धा भाग, 50 सेंटिमीटरचा, म्हणजे पुस्तकाप्रमाणे 110 टाक्यांचा होतो. पण तुमचा हात सैल असून 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाकेच बसत असतील, तर त्याच 110 टाक्यांचा पल्ला 55 सेंटिमीटर भरेल आणि अख्खा स्वेटर 10 सेंटिमीटरने ढगळ होईल. तेव्हा आधी निदान 15 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणावा, धुऊन वाळवावा, कडा सोडून मधले टाके मोजावेत आणि मगच आकडा ठरवावा. हा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांना येतो. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेवढाच भाग गाळायचा असतो, आणि मी तेवढाच सोडू देत नाही.

सुयांच्या नंबरांबाबत सावध राहावे. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, तीत आकडा वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धत नेमकी उलट आहे. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची आणि अमेरिकन 8 नंबरची 5 मिलिमीटरची, म्हणून इंटरनेटवरचा नमुना घेताना नंबर न पाहता मिलिमीटर पाहावेत. मधल्या जाडीच्या लोकरीला 4 मिलिमीटरची सुई आणि बॉर्डरला 10 नंबरची, म्हणजे 3.25 मिलिमीटरची, पुरते.

अस्सल लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषून घेते, आणि आपल्या पावसाळ्यात कपाटात तिला कुबट वास व कसर दोन्ही लागण्याची भीती असते. त्यामुळे पहिल्या स्वेटरला अ‍ॅक्रिलिक किंवा मिश्र लोकर बरी. फक्त तिच्यावर गरम इस्त्री टेकवू नये, वीण कायमची लोळागोळा होते. सुती धागा येथल्या हवेला मानवतो, पण तो जड असतो आणि स्वेटर खाली ओघळतो. साधारण 300 ते 350 ग्रॅम लोकर एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंडीवरचा लॉट नंबर ताडून पाहावा, कारण त्याच रंगाची पुढची गुंडी एक छटा वेगळी निघू शकते.

विणायला पाठीपासून सुरुवात करावी. पाठीत गळा जवळजवळ नसतोच. बॉर्डर, सरळ वीण (एक ओळ सुलट, एक उलट), मुंढे म्हणजे हात बाहेर काढायच्या जागा, आणि खांदे एवढेच. पुढचा भाग मुंढ्यापर्यंत तसाच येतो. तुमच्या हाताने पल्ल्याला 100 टाके येत असतील, तर समोर 101 घालावेत, म्हणजे व्ही गळ्यासाठी मधला एक टाका सेफ्टी पिनेवर ठेवून दोन्ही बाजूंना 50-50 उरतात. नवशिक्यांची उलट टाक्यांची ओळ बहुधा सैल पडते आणि विणीत आडवे पट्टे दिसू लागतात. अशा वेळी उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई वापरावी. पोर्तुगालमध्ये धागा मानेभोवती घेऊन विणण्याची पद्धत आहे, तीत उलट टाका अंगठ्याच्या एका झटक्याने पडतो. ज्यांना उलट टाक्याचा राग येतो त्यांनी ती पाहण्यासारखी आहे. क्रोशे येणाऱ्या बायकांना तर धागा ताणून धरण्याची सवय आधीच असते, आणि गोव्यात अशा बायका घरोघरी आहेत.

सुरुवात तुळशीच्या लग्नानंतर करावी. मे महिन्यात घामेजल्या हाताने धागा सुईवर सरकत नाही, टाके आवळतात आणि डिसेंबरात मोजलेले माप बिघडते. धुतलेला स्वेटर दोरीवर टाकू नये, पाण्याच्या वजनाने तो लांबतो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सपाट पसरून पंख्याखाली वाळवावा. यंदाची थंडी हुकली, तरी कोकणकन्येच्या एसीला ऋतू नसतो.