गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना

पाऊस कमी झाला, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. पण खरी अडचण वेगळीच आहे. जूनमध्ये पेरणीपुरता पडतो, मग तीन-तीन आठवडे दडी मारतो आणि सप्टेंबरात एकदोन रात्रींत बांध फोडून जातो. वर्षाची बेरीज बरी दिसते, विहिरी मात्र फेब्रुवारीतच तळ गाठतात. मग ज्यांना ना शेत ना विहीर, त्यांच्या घरची पायपीट सगळ्यात आधी सुरू होते. म्हणून आम्ही बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, रब्बीच्या पेरणीआधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला तो मांडतात, हे ऐकून होतो.

शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला नोंद, वही मोठ्या वर्गातल्या मुलींकडे. हे काम सोपं होतं. विहिरी मोजणं अवघड. लांब दोरीला दर मीटरवर लाल चिंधी बांधली, टोकाला दगड. दगड तळाला टेकला की दोरी सैल पडते आणि वर ओढल्यावर जेवढी ओली निघेल तेवढं पाणी. एका मळ्यात मालकांनी अडवलंच, "विहीर माझी, तुम्ही कशाला मोजताय?" त्यांची सून आमच्याच गटातली. "मामंजी, मीच सोडते दोरी," म्हणाली आणि सोडलीसुद्धा.

मग हिशेबाला बसलो. वस्ती दीड हजाराची. माणशी रोज 55 लिटर धरले, तर ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंतचे आठ महिने जवळजवळ 2 कोटी लिटर लागतात. आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा केवढा मोठा वाटला! शेजारी गहू मांडला. गव्हाला साधारण 400 मिलिमीटर पाणी लागतं आणि हेक्टरवर 1 मिलिमीटर म्हणजे 10 हजार लिटर. म्हणजे एका हेक्टरला 40 लाख. अख्ख्या गावाचं आठ महिन्यांचं पिण्याचं पाणी जेमतेम 5 हेक्टर गव्हात संपतं. हे ग्रामसभेत वाचलं तेव्हा मागे बसलेल्या मजूर बायका पुढे सरकल्या. त्यांच्यापैकी कुणी आजवर ग्रामसभेत बोललं नव्हतं. त्या दिवशी एकीनं उठून थेट विचारलं, "मग आमचं पाणी आधी बाजूला का काढत नाही?"

तिच्या प्रश्नावरच ठराव झाला. आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यात रब्बी. ज्यांचा गहू जास्त होता त्यांनी तो कमी करून हरभरा आणि ज्वारी घेतली. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ नवं बोअर घ्यायचं नाही, यावरही एकमत झालं. जुन्या बोअरचा उपसा मात्र अजून कुणी मोजू देत नाही, आणि तो कळल्याशिवाय ताळेबंद अर्धाच आहे. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच ठेवलाय.