दोन रंगरूट आणि एक सोफा

सॅन अँटोनिओतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकात गणपती, दिवाळी, संक्रांत असं सगळं छापलेलं असायचं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार मात्र त्यात कधीच नसायचा. तरी तो मेळावा आम्ही दहाएक वर्षं चुकवला नाही.

गावाला लागूनच लॅकलँडचा तळ आहे. अमेरिकी हवाई दलात अधिकारी सोडून जो कोणी भरती होतो, तो आधी इथे प्रशिक्षणाला येतो. तेव्हा हे प्रशिक्षण साडेआठ आठवड्यांचं होतं. मधे थँक्सगिव्हिंग, म्हणजे त्या चौथ्या गुरुवारचा घरच्यांनी एकत्र जेवायचा सण आला, तरी या पोरांना घर काही दिसायचं नाही. म्हणून सत्तरच्या दशकापासून 'ऑपरेशन होम कुकिंग' नावाचा एक छान प्रकार चालायचा. गावातल्या घरांनी सकाळी तळावर जायचं, दोघादोघांना गाडीत घालून आणायचं, जेवू घालायचं आणि वेळेत परत पोचवायचं. दारू वर्ज्य.

आमच्या चार घरांची मिळून आठ पोरं एकाच बैठकीत जमायची. निळा गणवेश, कात्रीने नव्हे, यंत्राने काढलेले केस, आणि 'बसा' म्हटल्याशिवाय कोणी बसायचं नाही. बाथरूमला जायचीसुद्धा परवानगी मागायची! पहिल्या वर्षी नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर शाळेतली पोरं वाटतात." खरंच होतं. अठरा-एकोणीस वर्षांची.

जेवणाची आम्ही केवढी तयारी करायचो! भाजलेला टर्की पक्षी, 'पाय' नावाचं तिथलं गोड पक्वान्न, शिवाय आमचे गुलाबजाम. पोरं ते पाच-सात मिनिटांत संपवून टाकायची. त्यांच्या भोजनगृहात प्रशिक्षकांचं टेबल असतं, त्याला म्हणे 'सापांचा खड्डा' म्हणतात. त्याच्या शेजारून ताट घेऊन जाताना चूक झाली, की संपलंच. तेव्हा रमतगमत जेवायची सवय राहणार कुठून? "सावकाश जेव रे," हे सासूबाईंचं मराठी मात्र त्या टेक्सासच्या पोराला बरोबर कळलं. त्याने चमचा खाली ठेवला, हसला आणि पुन्हा त्याच वेगाने सुरू झाला.

दोन-तीन वर्षांनी कुठे आमच्या लक्षात आलं, की ही पोरं जेवायला येतच नव्हती. त्यांना हवा असायचा फोन आणि हवी असायची झोप. तळावर फोन मिळायचा मोजका, तोही घाईचा. मग आम्ही क्रमच उलटा केला. आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात एकेक मोबाइल द्यायचा आणि मागच्या अंगणाचं दार उघडायचं. तिथे येरझाऱ्या घालत आईशी बोलणारी आठ पोरं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. कधी कधी फोन माझ्याकडे यायचा. पलीकडची बाई रडतरडत विचारायची, "बारीक झालाय का तो?" मी म्हणायचे, नाही हो. थोडं खोटंच.

टीव्हीवर काउबॉइजची, म्हणजे डॅलसच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच लावलेली असायची, कारण त्या दिवशी ते खेळतातच. पण मॅच बघत बसायचे आमचेच नवरे. पोरं सोफ्यावर, गालिच्यावर, खुर्चीत मान टाकून झोपलेली. आमच्या सोफ्यावर तर दरवर्षी दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचे. बूट तेवढे दाराशी ओळीत.

२०२० मध्ये कोविडमुळे हे बंद पडलं, आमची घरंही पांगली.

त्या वर्षांत पोरांना तळावर परत सोडायला जाताना गाडीत कोणी फारसं बोलत नसे. फाटक जवळ आलं की मागच्या सीटवर एकदम हालचाल व्हायची. एकाने दुसऱ्याची टोपी नीट करायची, दुसऱ्याने त्याच्या शर्टावर पडलेला पाकाचा थेंब ओल्या रुमालाने घासायचा. तो डाग काही निघायचा नाही.