बाहेर ४०, आत १६: भट्टीसाठी खरे पार्ट शोधताना आलेला अनुभव

हौस म्हणून पॉटरी करतो, त्यासाठी घरीच एक छोटी इलेक्ट्रिक भट्टी बांधलीय, साडेचार किलोवॉटची. २३० व्होल्टवर म्हणजे साधारण २० अँपिअर, आणि तेही आठ-दहा तास, गीझरसारखं पंधरा मिनिटांत आटपत नाही. हे तेव्हा डोक्यात नीट शिरलंच नव्हतं. ऑनलाइन ४० अँपिअर छापलेला सॉलिड स्टेट रिले (एसएसआर, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) दिसला, म्हटलं २० ला ४० म्हणजे डबल झाला की, अजून काय पाहिजे, आणि मागवून टाकला.

चौथं फायरिंग, म्हणजे भांडी भाजणं. १००० डिग्रीला कंट्रोलरने आउटपुट बंद केलं, दिवा विझला, पण आकडा चढतोच आहे. १०१२, १०२०, १०३१. आधी वाटलं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) गंडलाय, म्हणून चष्मा लावून भोकातून आत बघितलं तर कॉइल लख्ख पेटलेल्या! धावत जाऊन एमसीबी पाडला. रिले आतून शॉर्ट झाला होता, एसएसआर बहुतेक वेळा असाच मरतो, म्हणजे चालूच राहून मरतो, हे मला नंतर कळलं.

मग चिडून तो फोडला. आतला काळा लेप कोरण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि निघालं काय तर १६ अँपिअरचा ट्रायक (रिलेच्या आतला खरा स्विच), नंबर स्वच्छ वाचता येत होता. खालची पत्रीपण पातळ आणि जरा वाकडी, त्यामुळे हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) एका कोपऱ्यातच टेकलेली, तिथली पेस्ट तेवढी चपटी झालेली दिसत होती. अस्सल एसएसआरमध्येसुद्धा दर अँपिअरला साधारण एक वॉट उष्णता निघते, म्हणजे माझ्याकडे वीसेक वॉट, तिला बाहेर पडायला वाट नको का. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की सर रिव्ह्यू चांगले आहेत. बरं.

त्यानंतर पद्धतच बदलली. आधी पार्ट ठरवायचा, मग त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून अधिकृत वितरकांची यादी काढायची आणि तिच्या बाहेर जायचंच नाही, कितीही स्वस्त दिसलं तरी. होलोग्रामवर माझा आता विश्वास नाही, तोही छापता येतो. सीईचं (माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारा शिक्का) पण तसंच, असल्या बहुतेक मालावर तो शिक्का बनवणारा स्वतःच लावतो. यूएल किंवा टीयूव्हीसारख्या माल तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेचा नंबर असेल तर तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. मी एका काँटॅक्टरचा (मोठा करंट जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) टाकला तर भलत्याच वस्तूचा निघाला.

डेटाशीट (कंपनीने दिलेली पार्टची तांत्रिक माहिती) वाचायची सवय लागली हा एक फायदा. ४० अँपिअरचा एसएसआर हीटसिंकशिवाय मोजकेच अँपिअर पेलतो हे तिथे ग्राफ काढून दिलेलं असतं, आपण बघत नाही. काँटॅक्टरवर दोन आकडे असतात, एसी-१ आणि एसी-३. एसी-३ मोटरसाठी, भट्टीची कॉइल म्हणजे साधा हीटर, म्हणून एसी-१ चा आकडा धरायचा. हा काँटॅक्टर मी एसएसआरच्या सिरीजमध्ये टाकलाय आणि त्याला वेगळा थर्मोकपल आणि वेगळा लिमिट कंट्रोलर, म्हणजे एसएसआर परत चिकटला तरी हा तोडेल. एमसीबीवर चौकोनात ६००० असं छापलेलं असतं, म्हणजे ६००० अँपिअरचा शॉर्ट तोडायची क्षमता. अर्थात छापायला काय लागतंय, म्हणून तोसुद्धा यादीतल्याकडूनच घेतला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं वायरने. चार स्क्वेअर एमएमची, बाहेरून छान, तांब्याचा रंग पण बरोबर, फक्त बंडल उचललं तर हलकं वाटलं. चार स्क्वेअरच्या फ्लेक्सिबल तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला जास्तीत जास्त ४.९५ ओहम, म्हणजे माझ्या २० मीटरला ०.१ च्या आसपास. एवढं साध्या मल्टिमीटरवर धड दिसत नाही, म्हणून बेंच सप्लायवरून पाच अँपिअर सोडले आणि दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजलं. यायला पाहिजे अर्धा व्होल्ट, आलं ०.७६. ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी! अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ते बंडल परत केलं (भांडून), दुसरं यादीतल्या वितरकाकडून आणलं, त्याला ०.४९ आले आणि तेव्हा कुठे जीवात जीव आला. भट्टीच्या अंगालगतची वायर मात्र सिलिकॉनची घेतली, साधी पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचीच असते.

जोडणी स्वतः केली नाही, लायसन्सवाल्या वायरमनला बोलावलं. त्याने आल्या आल्या माझे पक्कडीने दाबलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) बघितले, एक ओढला, तो हातात आला. बाकीचे सगळे कापून त्याने क्रिंपिंग टूलने परत केले, वर आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरचा टाकला. पहिल्या दिवशी तो सारखा पडत होता, विटा ओल्या होत्या, मग कमी तापमानावर दोन-तीन वेळा वाळवल्या तेव्हा थांबला.

आता सहा फायरिंग झालीत. कालच मेन बंद करून स्क्रू तपासले, तर कॉइलच्या टर्मिनलचा एक पाव फेरा फिरलाच.