अठरावं प्रकरण

1982 चा जानेवारी. हारमाटन सुरू झाला होता. सहाराकडून येणारा हा कोरडा वारा पिठासारखी धूळ घेऊन येतो आणि ती कुठे बसत नाही असं नाही. खडूच्या डब्यात, चहाच्या कपात, पापण्यांवर. ओठ उलतात. मुलं हातापायांना व्हॅसलीन चोपडून यायची आणि पुस्तकांच्या पानांवर तेलकट बोटं उमटायची. नारिंगी कव्हराची ती पुस्तकं, तिघांत एक. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट'.

मी तेव्हा नायजेरियाच्या अनाम्ब्रा राज्यात, ओनित्शाजवळच्या एका मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. गाव माझं गडहिंग्लज तालुक्यातलं. तेलाच्या पैशावर तिकडे शाळा भराभर निघाल्या होत्या, शिक्षक पुरत नव्हते, म्हणून भारतातून बरेच जण गेले. त्यातला मी एक. घरी सांगितलं होतं दोन वर्षं, राहिलो साडेचार.

फॉर्म फोरच्या वर्गाला ही कादंबरी होती. म्हणजे बघा: इग्बो (हे त्या भागातल्या लोकांचं आणि त्यांच्या भाषेचंही नाव) माणसाने इग्बो खेड्याबद्दल लिहिलेलं, 1958 साली लंडनला छापलेलं पुस्तक. लेखकाचं ओगिदी गाव आमच्यापासून जवळच, वर्गातल्या एकाचं तर आजोळच तिथलं. आणि शिकवायला कोण, तर गडहिंग्लजचा मास्तर! मुलांनी मला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं. इग्बोत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'अक्वा' हा एकच शब्द चार सुरांत रडणं, कापड, अंडं आणि खाट होतो. मी बाजारात ऐटीत अंडी मागितली तर बाईने विचारलं, कोण गेलं? याम म्हणजे काय हे मला समजावं म्हणून एक जण घरून भलाथोरला कंद उचलून घेऊन आला. आपल्या कोनफळाचा धिप्पाड चुलतभाऊ. यामच्या राशीवरून माणसाची पत ठरते हे मात्र मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आमच्याकडे उसाच्या एकरांवरून ठरतेच की.

पहिली सतरा प्रकरणं झकास गेली. कादंबरीचा नायक ओकोंक्वो, त्याचा बाप उनोका बासरी वाजवणारा, गावभर उधारी करून ठेवलेला. आपण बापासारखे ठरू नये या एकाच भीतीवर ओकोंक्वोचं सगळं आयुष्य उभं. त्याच्याच घरात वाढलेल्या, त्याला 'बाबा' म्हणणाऱ्या इकेमेफुना या पोरावर शेवटचा वार तो स्वतः करतो, तेही लोक भित्रा म्हणतील म्हणून, तो भाग वाचला तेव्हा वर्गात वाऱ्याने दार वाजत होतं तेवढाच आवाज. ही पोरं 1967 ते 1970 च्या बियाफ्रा यादवी युद्धाच्या आगेमागे जन्मलेली. मरण त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पण त्या दिवशी ती बराच वेळ जागेवरून उठली नाहीत. मला वाटायला लागलं, हे पुस्तक आपल्याला साधलंय.

मग अठरावं प्रकरण आलं. म्बान्टा गावात नवं चर्च उभं राहिलंय, जागा गावाने मुद्दाम दिलीय ती अशुभ रानातली, मरतील आपोआप म्हणून. ते मरत नाहीत. आणि एका रविवारी दोन ओसू त्या चर्चमध्ये येऊन बसतात. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. तो, त्याची मुलं, मुलांची मुलं, सगळी कायमची वेगळी. बाकीच्यांशी त्यांचं लग्न होत नाही, सभेत त्यांना जागा नाही, मेल्यावर त्यांना त्याच अशुभ रानात पुरायचं. आणि त्यांची खूण काय, तर लांब, गुंतलेले, मळलेले केस. वस्तरा त्यांना निषिद्ध. आधीचे बाटलेले लोकच कुरकुर करतात की यांना आत घेतलं तर आम्ही जातो. कियागा नावाचा प्रचारक ऐकत नाही. तो ओसूंनाच सांगतो, आधी केस उतरवा. ते घाबरतात, केस उतरवले तर आपण मरू म्हणतात.

हे मी मोठ्याने वाचत होतो. वाचताना पोटात काहीतरी हललं, पण तास चालू होता. पान संपवलं, पुस्तक मिटलं, आणि यामबद्दल विचारलं होतं त्याच सुरात विचारलं, "मग? तुमच्यापैकी कुणाच्या गावात आहेत का अजून ओसू?"

एकही हात वर आला नाही. त्यात विशेष काही नव्हतं. पण पुढच्या बाकावरच्या दोघांची नजर क्षणभर खिडकीकडच्या रांगेत गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. खिडकीजवळ बसणारा एक मुलगा, निबंधात नेहमी पहिला, खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. मी बघत होतो. त्याने ती सोडली आणि परत बांधली.

वर्गाचा मॉनिटर उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, असं विचारत नाहीत."

शाळेतली बातमी वर्गाच्या आधी स्टाफरूममध्ये पोचते. संध्याकाळी इग्बो विषय शिकवणारे शिक्षक मला त्यांच्या घरी घेऊन गेले. पन्नाशीचे गृहस्थ, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत. आधी कोला आला, म्हणजे तिथल्या झाडाचं एक बी. आपल्याकडे पान-सुपारी पुढे करतात तसा हा कडू कोला, पण त्याचा मान फार मोठा. तो फोडायचा कुणी, पहिला तुकडा कुणाचा, सगळं ठरलेलं. फोडण्याआधी प्रार्थना, आणि ती इग्बोतच, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही. हा त्यांचा आवडता विनोद. पण प्रार्थना करताना ते हसत नसत.

"चार माणसांच्या बैठकीत ओसू कोला फोडू शकत नाही," कोला चावत ते म्हणाले. "तुम्ही आज वर्गात काय विचारलंत, माहीत आहे का?"

मी म्हटलं, पुस्तकात आहे म्हणून विचारलं.

"पुस्तकात असू दे. 1956 साली इथल्या पूर्व विभागाच्या विधानसभेने कायदा करून ही प्रथा बंद केली. कुणाला ओसू म्हणणंही गुन्हा. कायद्याने बंद झालंय ते." मग जरा थांबून त्यांनी कोलाचं साल बशीत ठेवलं. "गेल्या वर्षी थोरलीचं लग्न ठरवताना मी मुलाच्या गावी दोनदा जाऊन आलो. चौकशी केली. सगळेच करतात."

त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, हे मला आजही आठवतं. उठताना त्यांनी कपाटातून अचेबेंचीच दुसरी कादंबरी काढून दिली, 1960 सालची, 'नो लाँगर ॲट ईझ'. म्हणाले, पहिलं पुस्तक वाचून लोकांना वाटतं गोष्ट तिथे संपली.

रात्री वीज गेलेली. कंदिलावर वाचत बसलो. पहिल्या कादंबरीतला ओकोंक्वोचा मुलगा न्वोये आठवतो? इकेमेफुनाचा खून आणि अशुभ म्हणून रानात टाकलेल्या जुळ्यांचं रडणं ज्याच्या मनातून गेलं नाही आणि म्हणून जो मिशनऱ्यांकडे गेला, तोच. दुसऱ्या कादंबरीत तो म्हातारा झालाय, नाव आयझॅक, आयुष्यभर चर्चची नोकरी केलेला. त्याचा मुलगा ओबी इंग्लंडहून शिकून येतो आणि क्लारा नावाच्या नर्सशी लग्न करायचं म्हणतो. क्लारा ओसू. आणि हा म्हातारा नाही म्हणतो. बापाच्या शिव्याशाप सोसून घर सोडलेला, वस्तऱ्याने केस उतरवून त्या दोघांना आत घेणारा धर्म स्वीकारलेला माणूस मुलाला समजावतो की लोकांच्या मनात हा महारोग आहे, तू आपल्या घरात आणू नकोस. मी ते पान दोनदा वाचलं. अचेबेंचे वडीलही चर्चमध्ये धर्मशिक्षकच होते. हे पान लिहिताना त्या लेखकाला काय झालं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ जागा होतो. खोटं कशाला बोला, दुसऱ्या दिवशी वर्गात काय तोंडाने जायचं याचाही करत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा माफी मागितली. चाळीस पोरांसमोर मास्तरने माफी मागायची म्हणजे तिकडे जरा अतीच. मुलं पुस्तकात बघत राहिली. खिडकीजवळच्या मुलाने हात वर केला.

"सर, भारतात ओसू आहेत?"

मी तयारीने गेलो होतो. फळ्यावर लिहिलंच: 1950, घटनेचं सतरावं कलम, अस्पृश्यता नष्ट. 1955, अस्पृश्यता (गुन्हे) कायदा. पुढे लिहिलं 1956, तुमचा कायदा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला, हेही सांगितलं. ती गोष्ट त्यांना एकदम कळली. ओसू आधी चर्चमध्ये का गेले, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. मग मी म्हणालो, "तर आता ते कायद्याने बंद झालंय."

अख्खा वर्ग हसला. खिडकीजवळचाही. मॉनिटर म्हणाला, "सर, आमच्याकडेही सगळे हेच सांगतात."

मग मात्र फळा पुसला आणि खुर्चीत बसून सांगायला लागलो. हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं. आमच्या गावात एक जोगतीण होती. लहानपणी यल्लम्माला सोडलेली. केसात गुंता झाला, तो विंचरून निघेना, तेव्हा देवीची जट आली म्हणून घरच्यांनी सौंदत्तीला नेऊन तिला देवीला वाहिली. ती जट कंबरेच्या खाली आलेली, दोरखंडासारखी, भंडाऱ्याने पिवळी. कात्री लावायची नाही, लावली तर देवी कोपते, घरात माणूस जातं. तिचं लग्न नाही. मंगळवारी, शुक्रवारी ती डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली घेऊन, हातात परडी घेऊन जोगवा मागायला यायची. 'उदं गं आई उदं' ऐकू आलं की आई सुपातून जोंधळे घेऊन बाहेर जायची, तिच्यापुढे वाकून नमस्कार करायची आणि जोंधळे परडीत वरून सोडायची. हाताला हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. चार दाणे खाली सांडायचे. ते कोंबड्या टिपायच्या. पाया पडायचं पण शिवायचं नाही, हे मी बारा वर्षं बघितलं आणि मला ते कधी विचित्र वाटलं नाही.

मुलं ऐकत होती, पण हळहळ वगैरे काही नाही. त्यांचे प्रश्न कामाचे होते. ती जट किती जड असते? झोपताना काय करते? तिची मुलं कुणाचं नाव लावतात? ज्याचं आजोळ ओगिदीला होतं तो म्हणाला, म्हणजे तुमची आई म्हणजे म्बान्टाचे लोक. मला राग आला. आईबद्दल असं बोललेलं ऐकून जो येतो तोच. गिळला.

खिडकीजवळच्या मुलाने परत हात वर केला. "सर, तिचं नाव काय?"

मी तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. जोगतीण. आम्ही जोगतीणच म्हणायचो. आई म्हणायची, आजी म्हणायची, पोरं तिच्यामागे ओरडायची तेही तेच. मला नाव माहीत नव्हतं. घंटा झाली म्हणून सुटलो. मुलगा वही बंद करताना म्हणाला, "घरी पत्र लिहाल तेव्हा विचारा."

त्या रात्री लिहिलं. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन, मधे कधी महिनाही.

तोवर आम्ही कादंबरी संपवली. शेवटच्या पानावर ओकोंक्वोचं प्रेत झाडाला लटकतंय. त्याचा मित्र ओबिएरिका इंग्रज जिल्हाधिकाऱ्याला चिडून सांगतो की तुम्ही या माणसाला मरायला लावलंत. आणि तो साहेब परत जाताना आपल्या पुस्तकाचा विचार करतो: या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल, अख्खं प्रकरण नाही तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद. पुस्तकाचं नाव, नायजर नदीच्या खालच्या भागातल्या रानटी जमातींना शांत करण्याबद्दलचं, त्याने आधीच ठरवून ठेवलंय. पुढे दरवर्षी या ओळीवर वर्ग चिडायचा. त्या वर्षीही चिडला. आम्ही पंचवीस प्रकरणं ज्या माणसाबरोबर काढली त्याचा या साहेबाने एक परिच्छेद केला, आणि त्यात त्याचं नावही नाही, असं पोरं ओरडून बोलत होती. मी पुस्तकातून मान वर केली नाही. खिडकीकडे तर नाहीच.

आईचं पत्र मार्चच्या शेवटी आलं. भाऊसाहेबांच्या हातचं अक्षर, मजकूर आईचा. गुळाला दर नाही, म्हैस व्याली, धाकटीचं बघायला सुरुवात केली, तिकडे मांस खाऊ नकोस. शेवटी, समासात आडवं: 'जोगतीण कुठली विचारतोस? खालच्या आळीतली म्हणतोस काय. ती दोन सालांमागं गेली. नाव काय ते कुणी सांगंना, विचारून कळवते.'

शाळेत मुलाने विचारलं, "सर, पत्र आलं?"

मी म्हटलं, आलं, पण अजून कळलं नाही.

आई त्यानंतरही दर दोन महिन्यांनी लिहायची. त्या नावाचा उल्लेख पुन्हा आला नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.