वाकळ जर्मनीला गेली, पण चार हेलपाटे घालून

आधी एक सांगून ठेवते. कुणाला परदेशात वाकळ, म्हणजे गोधडी, पाठवायची असेल तर खोकं घरातनंच भरून न्या, काउंटरवर देतील ते खोकं घेऊ नका. का ते पुढं येईलच, पण माझा राग अजून उतरला नाही म्हणून तेच पहिल्यांदा लिहिलं.

झालं असं की माझी भाची जर्मनीत असते, तिला गेल्या साली मुलगी झाली. मी आपलं विचारलं दुपटी पाठवू काय गं, तर म्हणाली मावशी दुपट्यांचा ढीग पडलाय, तू मला आज्जीच्या साड्यांची वाकळ दे, मी आणि बाळ दोघी झोपू असली मोठी. आज्जी म्हणजे माझी आई. तिच्या दोन नऊवारी आणि एक इरकली माझ्या ट्रंकेत होत्याच, डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या, काय करायचं ते सुचत नव्हतं. म्हटलं चला.

शिवायला चार महिने लागले. ते सगळं नीट झालं, म्हणून त्याच्यावर फार लिहीत नाही. 60 इंच बाय 80 इंच, आत नऊवारीचे चार थर, वर ठिगळं. ठिगळं आमच्या बेळगावच्या वडगावातलीच, इथं गल्लीत अजून माग चालतात, ओळखीच्या घरातनं कडेचे तुकडे मिळतात. दुपारी जेवणं झाली की अडीच ते साडेचार माझं शिवण. संध्याकाळचा कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत एक ओळ धावदोरा, असा हिशेब. एकदा कटाची आमटी ढवळून तशीच येऊन बसले तर पांढऱ्या काठावर हळदीचं बोट उमटलं, म्हणून साबण लावला तर ते लालभडक झालं, मला घामच फुटला. घाबरू नका, हळद साबणानं लाल होते, नुसत्या पाण्यानं साबण काढून टाका आणि दोन दिवस कडक उन्हात घाला, ऊनच खातंय तिला. माझा डाग गेला. आमटी मात्र त्या दिवशी खाली लागली.

चारी कोपऱ्यांना फुलं लावली. आमच्या खानापूर आणि तिकडं हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका (मूळच्या आफ्रिकेकडच्या लोकांच्यातल्या) कवंदी शिवतात, कवंदी म्हणजे त्यांची वाकळच, त्या कडेकडनं सुरुवात करून गोल गोल आत येतात आणि कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या घड्या एकावर एक ठेवून फूल करतात. मला ते फार आवडतं, मी बघून बघून शिकले, त्यांच्यासारखं सुबक येत नाही पण येतंय. ही फुलं लक्षात ठेवा, पुढं त्यांनीच काम केलं.

आता कुरियर. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, गावातलंच आहे, काचेचा दरवाजा आणि आत एसी. दिवाळी झाली तसं मी आणि घरचे स्कूटरवर गेलो, मांडीवर वाकळ, पिशवीत अर्धा किलो कुंदा, शेंगाची चटणी, गुळातले शेंगाचे लाडू. काउंटरवर एक पोरगा, नवीन असणार, धारवाडकडचा वाटला बोलण्यावरनं. म्हणाला आत काय आहे. मी म्हटलं वाकळ. त्याला कळेना. गोधडी म्हटलं. तरी कळेना. मग मी अगदी खरं खरं सांगितलं, बाबा जुन्या साड्यांची असते, आत साड्या, वर तुकडे. इथंच माझं चुकलं बघा. त्यानं कॉम्प्युटरवर टाइप करत मोठ्यानं म्हटलं, "हां, हळे बट्टे." म्हणजे कानडीत जुने कपडे. आणि स्क्रीन वळवून दाखवला, ओल्ड क्लोथ्स, कोड 6309.

मी म्हटलं जुने कपडे नव्हेत हे. तो म्हणाला मेडम तुम्हीच बोलला की जुन्या साड्या. मी म्हटलं साड्या जुन्या, वाकळ नवीन, आत्ता चार महिन्यांपूर्वी अस्तित्वात पण नव्हती ही! तो म्हणाला जुने कपडे आम्ही घेत नाही, तिकडनं परत येतात, परतीचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. बाजूच्याला विचारलं, बाजूच्यानं फोन लावला, फोनवरचा जेवायला गेलेला. साडेबारा ते पावणेदोन आम्ही त्या एसीत कुडकुडत बसलो, मांडीवर वाकळ असून अंगावर घेता येईना, घरच्यांनी तर मला डोळ्यानंच खुणावलं की घे आता पांघरून. जेवणारा काही आला नाही. आम्ही परत.

रात्री झोप आली नाही मला. "जुने कपडे" म्हणजे काय, आईच्या साड्या आहेत त्या. मुलाला उठवून मोबाइलवर शोधायला लावलं. तेव्हा कळलं की जगभरात प्रत्येक मालाला नंबर असतो आणि कस्टमवाले तो नंबर बघूनच माल काय ते ठरवतात. 6309 म्हणजे वापरलेले कपडे आणि वापरलेलं कापड. रजई, गोधडी हे सगळं 9404 मध्ये येतं, गाद्या-उशांच्या घरात. बघा म्हणजे, सरकारी पुस्तकात पण वाकळ कपड्यात नाही, बिछान्यात आहे. मी तो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या खाली.

दुसऱ्या दिवशी गेले एकटीच, तावातावानं. नंबर सांगितला. पोरगा म्हणाला बरं ठीक आहे मेडम, साहेबांना विचारून टाकतो, आधी पॅकिंग करू. आणि आतनं एक खोकं आणलं, फ्रिजचं असावं एवढं मोठं, त्यात वाकळ सैल घडी करून ठेवली, वर कागदाचे बोळे कोंबले. वजनकाट्यावर 3 किलो 100 ग्रॅम. मला बरं वाटलं. मग त्यानं टेप घेऊन खोकं मोजलं, 45, 40, 30, आणि म्हणाला 11 किलो.

मी म्हटलं काटा बघ की, तीन दाखवालंय. तो म्हणाला ते व्हॉल्यूमेट्रिक. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, आणि काट्याचं वजन आणि हे, दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. 54000 भागिले 5000 म्हणजे 10.8, पुढं सरकवून 11. मी तिथंच पावतीच्या मागं हिशेब करून बघितला, चूक नव्हता. विमानात वजनापेक्षा जागेचं भाडं, ते मला कळतं, एसटीत कापसाचं पोतं ठेवलं तर कंडक्टर पण तेच म्हणणार. पण खोकं कुणी आणलं? माझ्या घरातनं आलेलं नव्हतं ते! पैशाचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं. म्हटलं बारकं खोकं दे. तर बारकं एकदमच बारकं, त्यात नुसती उशी बसली असती. मधलं नाही. मधलं कधी येईल? सांगता येत नाही.

वाकळ उचलून परत घरी. म्हणजे दोन हेलपाटे झाले आणि ही जायचं तर लांबच, माझ्यापेक्षा जास्त स्कूटरवर बसून फिरालीया.

घरी आल्यावर मग युक्ती केली, हवा काढायची प्लास्टिकची पिशवी मिळते ना कपडे ठेवायची, ती मागवली. तिची हवा व्हॅक्युम क्लीनरनं काढतात, आमच्याकडं तो नाही. घरच्यांना पिशवीवर बसवलं. पेपर वाचत बसा म्हटलं, हलू नका. ते बसले आणि मी कडेनं हवा दाबत दाबत चेन लावली, फुस्स करून वाकळ पापडासारखी झाली. ओळखीच्या वाण्याकडनं बिस्किटाचं खोकं आणलं, वरनं कापून 40 बाय 30 बाय 15 केलं. 18000 भागिले 5000, 3.6. म्हणजे 4 किलोचे पैसे. 11 चे 4! एक सांगायचं राहिलं, पिशवीत घालायच्या आधी वाकळ पूर्ण वाळलेली पाहिजे, सुती कापड ओल धरून ठेवतं, जरा जरी दमट राहिली तर आठवडाभरात आत वास धरेल. आमच्याकडं पावसाळ्यात हे जमणारच नाही, दिवाळीनंतरच पाठवा.

तिसऱ्या वेळी किंमत अडली. गिफ्ट असलं तरी कागदावर किंमत लिहावी लागते, आणि तिकडं घरगुती भेट 45 युरोच्या आत असली तर ड्युटी लागत नाही. पोरगा म्हणाला 500 रुपये लिहू. 500 ला तर दोरा आणि अंगुस्तान आलंय माझं! मी म्हटलं थांब. बोटांवर मोजलं, दोरा, खालचं अस्तर, ठिगळांचे दिले तेवढे. साड्यांचे काय लावणार, आणि माझ्या दुपारचे काय लावणार. 2200 आलं, तेच लिहिलं. तेवढ्यात तो म्हणाला पण मेडम साहेबांनी अजून 9404 ला हो म्हटलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी इतक्या मोठ्यानं बोलले की दाराशी एक माणूस थबकला.

आवाज ऐकून आतनं एक बाई आल्या, हिशेबाचं बघणाऱ्या असाव्यात, हातात डबा तसाच. पिशवी पारदर्शक, आणि घडी अशी पडली होती की कोपऱ्यातलं फूल बरोबर वर. त्यांनी नुसतं बोट ठेवलं त्याच्यावर आणि पोराला म्हणाल्या, "इदु कौदी अल्लेनो!" अरे ही कौदी नाही का रे. कानडीत वाकळीला कौदी म्हणतात. आणि माझ्याकडं वळून, "कौदी अंत हेळबेकित्तल्रीऽ." कौदी म्हणून सांगायचं होतं की हो. पोरगा एकदम उभा राहिला, म्हणाला कौदी होय, आमच्या अज्जीकडं चार आहेत! तीन दिवस मी वाकळ, गोधडी, क्विल्ट, रजई, सगळं म्हणून बघितलं, आणि जन्म बेळगावात काढून शेजारणीच्या तोंडचा रोजचा शब्द मला त्या काउंटरवर आठवू नये. त्या बाईंनी स्वतः खुर्चीत बसून टाइप केलं, हॅंडमेड कॉटन क्विल्ट, एक नग, 9404. साहेबांना कुणी विचारलं नाही.

मग चौथा हेलपाटा कशाला? खाऊपायी. बाहेरच्या देशातनं पार्सलनं दुधाचं काही युरोपात जात नाही, मांस पण नाही. कुंदा म्हणजे नुसतं दूध आटवलेलं, तूप पण नको. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कुंदा ताजा असताना तरी खाल्ला असता, तीन दिवसांनी घरच्यांनी संपवला, तक्रार न करता. चटणी आणि लाडू चालले, पण प्रत्येक पुडीवर आत काय ते लिहून आणा म्हणाले. म्हणून परत घरी, परत चिकटपट्टी, शेंगदाणे, लसूण, संकेश्वरी मिरची, मीठ. लाडवावर शेंगदाणे, गूळ, वेलदोडे. तेलाचं लोणचं नेऊच नका, पाझरलं तर वाकळीचं काय होईल विचार करा. पुड्या तिहेरी करा, मी मेणकापडात गुंडाळून डब्यात घातल्या. खोकं कापलेलं होतं त्यात वाकळीच्या शेजारी बरोबर बसल्या, उंची वाढली नाही, हे मी टेप घेऊन घरीच बघितलं होतं, आता कुणावर विश्वास नाही.

बाकी कागद सोपे. आधारची झेरॉक्स दोन्ही बाजूंची, आणि सही निळ्या पेनानं. पत्त्याचं एक भाचीनं सांगितलेलं महत्त्वाचं, तिकडं फ्लॅटला नंबर नसतो बऱ्याच ठिकाणी, घंटीवर आडनाव असतं, ते जसंच्या तसं पार्सलवर पाहिजे. भाचीच्या घंटीवर नवऱ्याचं आडनाव, मी माहेरचं लिहायला निघाले होते. पिन पाच आकडी असतो, आपल्यासारखा सहा नाही, एक आकडा राहिला म्हणून घाबरू नका. तिकडचा मोबाइल नंबर आधी 49 लावून लिहा.

नवव्या दिवशी पोचलं. व्हिडिओ कॉलवर तिनं पिशवीची चेन उघडली, वाकळ हळूहळू फुगली, पोळी तव्यावर फुगते तशी, आणि बाळ बघत राहिलं. भाची म्हणाली मावशी, डांबरगोळीचा वास येतोय अजून आज्जीच्या ट्रंकेचा. मी म्हटलं उन्हात टाक. ती म्हणाली इथं ऊन कुठलं आणू.

आता तिच्या धाकट्या बहिणीनं पण मागितलीय, ती कॅनडात. ह्या वेळी कापायच्या आधी रिकामं खोकं घेऊन बसले. साड्यांचा थर घालून, घडी करून, वर घरच्यांना बसवून बघितलं. 54 बाय 72 ची धरलीय, तेवढी 40 बाय 30 बाय 12 मध्ये बसते. फुलं कोपऱ्यात वर येतील अशी घडी घालायची, ते पण लिहून ठेवलंय, कॅलेंडरवर, 9404 च्या खाली.