पद्मिनीचे ब्रेक, टायर आणि चाकं : माझा अनुभव

मामाची 1976 ची प्रीमियर पद्मिनी कार वाईला पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती, ती टेम्पोवर चढवून पुण्यात आणली. (डुक्कर फियाट नाही हं, तिच्या नंतरची, हँडलला गियर असलेली.) आणल्यापासून जो तो एकच विचारतोय, इंजिन चालू होतं का? अहो होईल की, 1089 सीसीचं साधं कार्बोरेटरवालं इंजिन, ते करणारे मिस्त्री अजून सापडतात. पण चालू झालेली गाडी थांबवायची कशी हे आधी बघायला नको का? म्हणून बॉनेटला हातच लावला नाही, चारी चाकं काढली आणि गाडी घोडीवर घेतली.

या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबले जातात), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि सगळ्या चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. म्हणजे कुठलाही एक होज (ऑइलची रबरी नळी) फुटला की पेडल थेट खाली आणि चारी ब्रेक गेले. ड्रम गंजून शूला धरून बसले होते, आधी मागून ॲडजस्टर ढिले केले मग पुलर लावला तेव्हा कुठे सुटले. एक सांगतो, आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲसबेस्टॉस असायचं. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम, बोअरला म्हणजे आतल्या भिंतीला खड्डे. मिस्त्री म्हणाला घासून नवीन किट टाकू, मी नाही म्हटलं, खड्डा पडलेल्या बोअरमध्ये नवा वॉशर टाकला तर तो चार दिवस टिकणार आणि परत गळणार. पण नवीन सिलिंडर मिळवणं हाच खरा व्याप आहे. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर या गाडीचा माल धो धो मिळायचा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली आणि दुकानदारांनाही आता नवा माल भरण्यात रस नाही. थोडं नाना पेठेत मिळालं, थोडं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. रबराचं सामान मात्र जुन्या स्टॉकमधलं घेऊ नका, पाकीट कितीही सीलबंद असू दे, रबर आतल्या आत कडक होतं. होज तर डोळे झाकून नवेच टाका, बाहेरून चांगला दिसणारा होज आतून फुगलेला असतो, पाय दाबला की ऑइल पुढे जातं पण पाय काढला तरी परत येत नाही. शूवर नवे लायनर रिव्हेट मारून बसवून घेतले आणि दोन ड्रम ओव्हल झाले होते त्यांना लेथवर हलकं टर्निंग मारलं.

रबराचे पार्ट रॉकेल किंवा पेट्रोलने धुवायचे नाहीत, फुगतात, ब्रेक ऑइलनेच पुसायचे. हेच ऑइल बॉडीवर सांडलं तर रंग सोलून काढतं. आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, कोरडं डॉट 3 ऑइल 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की 140 ला उकळू शकतं, म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही. ऑइलमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली, मुलगा पेडल मारत होता, मी खाली हवा सोडायच्या निप्पलपाशी.

पेडल छान कडक झालं, पण गाडी थोडी फिरवली की चारी ड्रम गरम आणि गाडी जागेवर खिळल्यासारखी. होज नवे, सिलिंडर नवे, मग? इथे भवानी पेठेतले एक म्हातारे चाचा कामाला आले. त्यांनी चाकांकडे बघितलंच नाही, बोटाने पेडल हलवून पाहिलं आणि म्हणाले प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) कुठाय. नव्या मास्टर सिलिंडरचा रॉड किंचित लांब होता, त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, आतलं बारीक भोक झाकलेलं राहायचं आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाटच नव्हती. चाचांनी रॉड जरासा आत घेतला, पेडलला थोडा प्ले दिला, संपलं. चहाशिवाय काही घेतलं नाही त्यांनी.

डिस्क ब्रेक टाका असं सांगणारे भरपूर भेटले. हब बदला, मास्टर सिलिंडर बदला, एवढं करून गाडी पळवायची साठ-सत्तरच्या स्पीडने. नीट सेट केलेले ड्रम त्याला पुरतात असं माझं मत. अलॉय व्हीलचंही तेच, या गाडीला लोखंडी चाक आणि क्रोमची टोपीच शोभते. रिम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केलं, फक्त बोल्ट बसतात ती जागा आणि हबला टेकणारी बाजू कोरी ठेवायला सांगितली, नाहीतर रंगाचा थर दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना मारला.

मूळ टायर 5.20-14, म्हणजे जेमतेम 132 मिलिमीटर रुंदीचा क्रॉसप्लाय (आतले दोरे तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर). तो शोधत बसण्यापेक्षा 165/80 आर 14 रेडियल घेतले, स्विफ्टच्या बेस मॉडेलला येतात ते, कुठेही मिळतात. एकदम पाच घेतले, कारण रेडियल आणि क्रॉसप्लायची मिसळ करायची नाही. जुन्या रिमला ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो म्हणून आत ट्यूब टाकली, तीही रेडियलचीच. घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. स्टीअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना तेही तपासलं. उभ्या गाडीत ते फिरवायला आता जास्त जोर लागतो, पण रस्त्यावर गाडी सरळ चालते.

मग इंजिन केलं आणि बोपदेव घाट उतरलो, दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेक अधूनमधून. कुठल्याही बाजूला ओढत नाही. हँडब्रेक मात्र उतारावर अजून धरत नाही, केबल सांगून ठेवलीय, तोवर डिकीत लाकडाचा ठोकळा ठेवलाय. कोणाकडे जुनी चांगली केबल पडून असेल तर कळवा.